चौथं इंजेक्शन

आमच्या बेडरूममधला एसी बिचारा निर्दोष होता. तरी आमच्या ह्यांनी त्याला आठ दिवसांत तीन वेळा भिंतीवरून खाली उतरवलं. पहिल्यांदा जाळी धुतली, दुसऱ्यांदा गॅस भरला, तिसऱ्यांदा थर्मोस्टॅट बदलला आणि तरीही उकडतंय म्हणून नव्या थर्मोस्टॅटच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडली. चाळीस वर्षं एसी आणि फ्रिज दुरुस्त केलेला माणूस. खोलीत उकडतंय म्हणजे यंत्रात बिघाड, याच्या पलीकडे त्यांची अक्कल जाईना. इकडे मी भर दुपारी मोजे घालून, दोन पांघरुणं लपेटून बसलेली.

“अहो, माझे दात वाजतायत,” मी म्हटलं.

“तुला सगळंच जास्त होतं,” हे म्हणाले आणि टॉवेलने मान पुसत पुन्हा शिडीवर चढले.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. छातीतून निघून कानांपर्यंत चढत जाणारा तो लालपणा, मागोमाग घामाच्या धारा, आणि घाम सुकताना भरणारी हुडहुडी. पन्नाशीला आले तेव्हा पाच वर्षं मी तेच काढलं होतं. तेव्हा हे हसून म्हणायचे, “तुझा कॉम्प्रेसर कामातून गेला.” मी मनात म्हणायचे, एकदा तुम्हाला होऊ दे, मग बघते. पण ते खरंच व्हावं, आणि अशा कारणाने व्हावं, असं काही माझ्या मनात नव्हतं.

कारण इंजेक्शनचं होतं. ह्यांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला आणि कमरेच्या हाडात त्याचे दोन ठिपके. हे त्याला कॅन्सर म्हणत नाहीत, ‘लीकेज’ म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं, हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो, ते बंद केलं की उपाशी पडतो. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यायचं. “किती दिवस?” ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “उपयोग होतोय तोवर.” हे वाक्य गोड होतं की कडू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

इंजेक्शन देणारी सिस्टर ठेंगणीशी, पण आवाज असा की कॉरिडॉरमधल्या खुर्च्या सरळ व्हाव्यात. ह्यांनी पहिल्याच भेटीत तिचं नाव ‘कर्नल’ ठेवलं. तिलाही ते आवडलं असावं. कारण ती काहीच बोलली नाही, फक्त “काका, वळा” म्हणाली.

हे वळले नाहीत. मेकॅनिक माणूस, आत काय भरतायत ते कळल्याशिवाय कसा वळेल?

“आधी सांगा, हे आहे काय?”

“तुमच्याच डोक्यातला निरोप आहे, काका. मेंदूत खाली एक जागा असते. ती दर तास-दीड तासाने एक छोटासा निरोप सोडते. तिच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. तिला निरोप मिळाला की ती पुढे हुकूम सोडते, आणि मग खाली पुरुषी हार्मोन तयार होतं. तो निरोप म्हणजे दहा मण्यांची माळ समजा. ह्या बाटलीत तशीच माळ आहे, कारखान्यात ओवलेली. ह्यात नऊच मणी आहेत, आणि मधला एक मणी मुद्दाम बदललाय. मूळची माळ शरीर दोन-चार मिनिटांत तोडून टाकतं, ही चटकन तुटत नाही. वर ती पावडरीच्या बारीक कणांत भरलेली आहे, म्हणजे तीन महिने थोडी थोडी सुटत राहते.”

हे टुणकन उठून बसले. “म्हणजे जो निरोप हार्मोन बनवतो, तोच आणखी घालताय? मग हार्मोन वाढेल की! ह्याला औषध म्हणायचं की आगीत तेल?”

मला वाटलं, कर्नल आता रागावते. पण ती खूश झाली. “बरोबर विचारलंत. पहिले पंधरा दिवस वाढतंच. म्हणून तर डॉक्टरांनी त्या गोळ्या आधीपासून सुरू केल्यात, त्या वाढलेल्या हार्मोनला अडवून धरतात. पण नंतर काय होतं, निरोप मध्ये थांबतच नाही. दिवसरात्र चालूच. मग ती ग्रंथी ऐकायचंच सोडून देते.”

हे अजून कपाळाला आठ्या घालून होते. मला मात्र लख्ख कळलं. मी सत्तावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. एका मोठ्या ऑफिसचा बोर्ड सांभाळायचे. घंटा वाजली, थांबली, पुन्हा वाजली की हात आपोआप तिकडे जायचा. पण एखाद्या लाइनमध्ये दोष येऊन ती अखंड वाजायला लागली की तासाभरात ती आम्हाला ऐकूच यायची नाही. शेजारी बसून आम्ही गप्पा मारायचो, डबे खायचो.

“अहो, ह्यात अवघड काय आहे?” मी म्हटलं. “घंटा मध्ये थांबते म्हणून तिला मान असतो. तुम्ही रोज सकाळी एकदाच ‘चहा’ म्हणता म्हणून मी उठते. दिवसभर ‘चहा, चहा’ करत राहिलात तर मी बहिरी होईन.”

कर्नल इतकी हसली की तिला सुई खाली ठेवावी लागली. मग तिने पावडर आणि पाणी एकत्र केलं, सिरिंजमध्ये दुधासारखं पांढरं झालेलं औषध एकदा उजेडात धरून पाहिलं आणि टोचलं. बाटलीवरचा छोटा स्टिकर सोलून आमच्या फाइलमधल्या तक्त्यात पहिल्या चौकोनात चिकटवला.

औषधाने आपलं काम चोख केलं. सहा महिन्यांत रक्ततपासणीचा आकडा शेहेचाळीसवरून एकाच्या खाली आला. डॉक्टर खूश, मी खूश, लेक फोनवर रडली. आमचे हे मात्र दिवसेंदिवस उतरत गेले.

गरम वाफांचं मी समजू शकत होते. एसीच्या तिसऱ्या दुरुस्तीनंतर मी त्यांना शिडीवरून उतरवलं, समोर बसवलं आणि म्हटलं, “बिघाड भिंतीवर नाही, तुमच्यात आहे. मला झालं होतं तेच.” त्यांचा चेहरा असा झाला की मला हसावं की जवळ घ्यावं ते कळेना. मी दोन्ही केलं. सुती बनियन, उशाला ओला रुमाल, संध्याकाळनंतर कॉफी बंद, असे माझे सगळे अनुभवाचे सल्ले त्यांनी निमूटपणे पाळले. “तेव्हा मी तुला हसायला नको होतं,” एकदा ते म्हणाले. एवढं वाक्य ऐकायला मी बारा वर्षं थांबले होते, आणि ऐकलं तेव्हा मला अजिबात आनंद झाला नाही.

पण रडण्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. साबणाची जाहिरात बघून रडू. लेकीचा जुना फोटो बघून रडू. शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी नेलेला पाना एक दिवस परत आणून दिला, तर हे दारातच हुंदके द्यायला लागले. शेजारी बिचारा इतका ओशाळला की घरी जाऊन आमचा स्क्रूड्रायव्हर पण घेऊन आला, जो त्याने नेलाय हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मी हसत होते, पण हे हसत नव्हते. “हा मी नाही,” ते म्हणायचे. दंडातली ताकद गेली. जो कॉम्प्रेसर खांद्यावर टाकून तीन जिने चढायचे, तो आता दुकानाच्या पायरीवरसुद्धा उचलवेना. कामावर बसले की शिट्टी वाजवायची त्यांची जन्माची सवय, तीही गेली. आणि आणखी एक गोष्ट होती, जी आम्ही दोघंही बोलत नव्हतो. ते पलंगाच्या पार कडेला जाऊन झोपायला लागले, जसं काही मला त्यांच्यापासून लागण होणार होती. मी हात पुढे केला तर तो थोपटून परत माझ्याकडे ठेवायचे. खूप नम्रपणे ठेवायचे. त्या नम्रपणाचा मला इतका राग यायचा की सांगता सोय नाही.

चौथ्या इंजेक्शनच्या दिवशी हे म्हणाले, “आज मी एकटाच जातो. तुझे गुडघे दुखतायत.” माझे गुडघे खरंच दुखत होते. दोन तासांनी परत आले ते लंगडतच. “आज कर्नलने सूड उगवला,” म्हणाले आणि खुर्चीवर तिरके बसले. मी बर्फाची पिशवी आणून दिली. ती त्यांनी पंधरा मिनिटं कमरेखाली धरूनही ठेवली. असा नट मी त्रेचाळीस वर्षं घरात पोसला होता, याची मला कल्पना नव्हती.

पुढचे दोन महिने विशेष काही झालं नाही. मग एक दिवस ते जेवल्यावर घाम पुसायचा टॉवेल न घेता उठले. मग एका सकाळी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून झोपलेले दिसले. मग बाथरूममधून शिट्टी आली. मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. सूर तोच, तिसऱ्या ओळीला घसरणारा. शेजाऱ्याशी पार्किंगवरून कडाडून भांडले, आणि मला कोण आनंद! एका दुपारी मी ओट्याशी उभी होते, तर मागून येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तसेच उभे राहिले. बासष्टाव्या वर्षी बाई लाजते का? मी लाजले. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या तळातलं निळं कापड काढून शिवायला टाकलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

मला संशय आला होता. बोर्डावर सत्तावीस वर्षं बसलेल्या बाईला कोणती घंटा थांबली आणि कोणती सुरू झाली हे कळत नाही, असं होत नाही. कर्नलने सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. ती अखंड घंटा बंद झाली असेल, तरच ग्रंथीला पुन्हा ऐकू येईल. ऐकू आलं, तरच हे असे दिसतील. फाइल कपाटात, हाताच्या अंतरावर होती. मी ती उघडली नाही. आज उघडू, उद्या उघडू, करत मी जवळजवळ महिनाभर त्या कपाटाकडे कानाडोळा केला. मला माझा नवरा परत मिळाला होता, आणि तो कुठून आला हे मला विचारायचं नव्हतं.

शेवटी पाचव्या इंजेक्शनची तारीख बघायला म्हणून फाइल काढली. खरं तर तारीख मला तोंडपाठ होती. तक्त्यात तीन स्टिकर होते. चौथा चौकोन कोरा.

हे जेवणाच्या टेबलावर पंख्याची मोटर उघडून बसले होते. मी फाइल मोटरीशेजारी ठेवली. शिट्टी थांबली.

“क्लिनिकने फोन कसा केला नाही?” मी विचारलं.

“मीच केला होता. म्हटलं, लेकीकडे जातोय, तिकडच्या हॉस्पिटलात घेतो.”

“आणि त्या दिवशी कुठे बसला होतात?”

“बागेत.” मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “अगं, यंत्रालासुद्धा विश्रांती द्यावी लागते. कॉम्प्रेसर बंद झाला की तीन मिनिटं थांबल्याशिवाय चालू करत नाहीत. लगेच चालू केला तर जळतो. मी म्हटलं, एक फेरी सोडू. पुढचं घेणारच होतो.”

“तीन मिनिटं आणि तीन महिने सारखे?”

ते स्क्रू एका वाटीत गोळा करत राहिले. मग वर न बघताच म्हणाले, “तू खूश होतीस. मी बघत होतो ना. निळं कापड शिवायला टाकलंस. मला वाटलं, राहिलेले दिवस कमी असले तरी असे असावेत. तुझा नवरा म्हणून असावेत. तो घामेजलेला, रडका म्हातारा म्हणून नकोत.”

मी भांडायच्या तयारीने आले होते. शब्द सगळे रांगेत उभे होते. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“मला माहीत होतं,” मी म्हटलं. “महिनाभर. मी मुद्दामच फाइल उघडली नाही.”

त्यांनी मान वर केली.

“तुम्ही एक इंजेक्शन चुकवलंत. मी तुमचा अख्खा महिना खाल्ला. बरं वाटत होतं म्हणून. तुमच्या हाडांत काय चाललंय ते बाजूला ठेवून मी निळं कापड शिवून घेत बसले.”

आता मला रडू फुटलं. आमच्या घरात इतक्या महिन्यांत रडण्याची जबाबदारी माझ्यावर कधी आलीच नव्हती. हे उठून माझ्या बाजूला आले, ग्रीस लागलेले हात अंगाला लागू नयेत म्हणून कोपरांनीच मला धरलं. “चल,” ते म्हणाले. “उद्याच जाऊ.”

आकडा सातावर गेला होता. डॉक्टर रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. म्हणाले, “अजून आवाक्यात आहे. पण हाडात ठिपके असताना सुट्टी घ्यायची नसते. त्रास होत होता तर मला सांगायचं. गरम वाफांवर औषध आहे, मनावर आहे, ताकदीसाठी व्यायाम आहे. तुम्ही एकटे ठरवून मोकळे झालात.” हार्मोनची सुरुवातीची उसळी अडवणाऱ्या त्याच गोळ्या पुन्हा सुरू करून आठवड्याने बोलावलं.

आठवड्याने कर्नलच्या खोलीत आम्ही दोघं होतो. तिला सगळं कळलं होतं. एरवी खुर्च्या सरळ करणारा तिचा आवाज आज अगदी खाली होता. तिने पावडर आणि पाणी एकत्र केलं. औषध दुधासारखं पांढरं झालं.

“काका, वळा.”

हे वळत होते, ते मध्येच थांबले. “कर्नल, परत तसाच होणार ना मी?”

“पंधरा-वीस दिवसांनी हळूहळू. खोटं नाही सांगणार.”

“एक मिनिट द्या.”

“मिनिट नाही, काका. मिसळलं की लगेच द्यावं लागतं. पावडर खाली बसते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. भीती होती, आणि ती लपवण्याची काहीही धडपड नव्हती. “तू सांग,” ते म्हणाले. “तू हो म्हणालीस तर घेतो. नाही म्हणालीस तर आत्ता उठतो आणि आपण घरी जाऊ. तू सांगशील ते.”

मला त्यांचा भयंकर राग आला. असला प्रश्न बायकोला विचारतात का? समोर शिट्टी वाजवणारा, भांडणारा, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवणारा माणूस बसला होता. आणि मी हो म्हटलं की वीस दिवसांत तो जाणार होता, हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. कर्नलच्या हातातलं पांढरं औषध खाली बसायला लागलं होतं. तिने ते हलकेच उलटंपालटं केलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

“घ्या,” मी म्हटलं.

ते वळले. कर्नलने टोचलं, कापूस दाबला, आणि स्टिकर सोलून चौथ्या चौकोनात चिकटवला. तारीख लिहिताना तिने नको इतका वेळ लावला.

आम्ही बाहेर आलो. पायऱ्या उतरताना मी त्यांचा हात धरला. चारचौघांत हात धरणं आमच्या स्वभावात नाही. त्यांना वाटलं, माझे गुडघे दुखतायत. मी तसं वाटू दिलं. बस स्टॉपवर दोन बस गेल्या, आम्ही चढलो नाही.

“उद्यापासून दुकान बंद,” मी म्हटलं. “फोन पण बंद. कोणाचा फ्रिज पेटला तरी जायचं नाही. पंधरा दिवस तुम्ही फक्त माझे.”

हे हसले. मग त्यांनी रस्त्याकडे मान वळवली.

“आणि पंधरा दिवसांनंतर?”

“नंतर मी तुमची,” मी म्हटलं.

तिसरी बस आली. त्यांनी मला आधी चढू दिलं.